कोयता म्हणजे दोघं : ऊसतोडीतल्या ‘पिशवी’मागची गोष्ट

२०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्हा देशभरच्या बातम्यांत आला. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका तिशीच्या आतबाहेरच गर्भाशय काढून घेतात, अशी ती बातमी होती. पुढं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण सुमारे ३ टक्के आहे.

मुंबई-पुण्याला धक्का बसला. बीडमधल्याच धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासारकडच्या माणसांना त्यात नवं काही नव्हतं. तिकडं ‘गर्भाशय’ हा शब्द कुणी वापरत नाही. ‘पिशवी काढली’ म्हणतात, आणि दाढ काढली म्हणावं तितक्या सहज म्हणतात. ही सहजता आली कुठून, हे बघायचं तर दवाखान्यात शोधून भागत नाही. उसापासूनच सुरुवात करावी लागते.

प्रवरा, नीरा, गोदावरीच्या कालव्यांमुळे नगर-पुण्याकडं ऊस इंग्रजी अमलातच रुजला होता. १९५० मध्ये लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ वगैरे मंडळींनी सहकारी साखर कारखाना उभा केला. पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस वाढला, पण तोडणार कोण? बीडकडच्या बालाघाटच्या डोंगररांगांतली माणसं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, पाटबंधाऱ्यांच्या बाबतीत तो नंतरही मागंच राहिला. खरिपाची बाजरी-ज्वारी काढली की हाताला काम नाही. त्यात १९७२ चा दुष्काळ पडला आणि ज्यांनी कधी गाव सोडलं नव्हतं तीही घरं बाहेर पडली. दसरा-दिवाळीला निघायचं, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलात परतायचं, हा रिवाज तेव्हापासून घट्ट झाला. आज राज्यात दहा-बारा लाख ऊसतोड मजूर असल्याचं सर्रास सांगितलं जातं.

या धंद्यातला कळीचा शब्द म्हणजे कोयता. कोशात ते हत्यार आहे, टोळीत ते मोजमाप आहे. ‘दहा कोयत्यांची टोळी’ म्हणजे वीस माणसं, दहा नवरे आणि दहा बायका. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला. पावसाळ्यातच पन्नास हजार, लाख असे पैसे अंगावर घ्यायचे आणि हंगामभर ऊस तोडून फेडायचे. फिटले नाहीत तर बाकी पुढच्या साली. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहते. डोकी सेंटरला, म्हणजे ऊस डोक्यावरूनच ट्रकपर्यंत न्यायचा तिथं, तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं असतं. दोघांपैकी एक कमी पडलं तर टन भरत नाही. म्हणून कोयत्यात बाई लागतेच.

एवढं ध्यानात घेतलं की पोरींची लग्नं लवकर का होतात, हे निराळं सांगावं लागत नाही. घरात अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा असेल तर लग्न होईपर्यंत तो अर्धाच कोयता. मुलीकडची अडचण वेगळी. आई-बाप सहा महिने फडावर, म्हणजे तोडीच्या उसात, पोरगी गावात म्हाताऱ्या आजीजवळ. तिला सोबत न्यावं तर राहायला उसाच्या वाढ्याची (शेंड्याच्या पाल्याची) आणि पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, ना दार ना कडी. वाईट काही घडलं तर तक्रार करायची कुठं आणि कुणाच्या जिवावर? त्यापेक्षा उजवून टाकलेली बरी, असं बाप म्हणतो. त्याला अडाणी म्हणून सोडून देणारे पुष्कळ भेटतात, पण तो त्याच्या परीनं मुलीला जपतच असतो. एवढंच की त्याच्या जपण्यात आठवी-नववीची शाळा सुटते आणि पुढच्या दसऱ्याला पोरगी स्वतःच अर्धा कोयता होऊन निघते.

कायद्याची कमी कधीच नव्हती. १९२९ चा शारदा कायदा होता, १९७८ मध्ये मुलीचं वय १८ झालं, २००६ मध्ये नवा बालविवाह प्रतिबंध कायदा आला. महाराष्ट्रानं गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाला नेमलं. त्या ग्रामसेवकाला उद्या त्याच गावात घरपट्टी वसूल करायची असते, हे नेमणाऱ्यांना ठाऊक नसेल असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये तेच ४३.७ टक्के. ही मोजणी २०१९ मधली, म्हणजे शाळा बंद पडलेला करोनाकाळ त्यात धरलेलाच नाही.

आता फडावरचा एक दिवस बघू. बाई पहाटे तीन-चारला उठते. पाणी शेतकऱ्याच्या विहिरीवरून, नाहीतर पाटातून आणायचं. भाकरी थापून, कालवणाचं डबडं बांधून अंधारातच फड गाठायचा. तान्हं पोर बांधावर साडीच्या झोळीत, नाहीतर वाढ्याच्या ढिगाआड निजवलेलं. उसाच्या पात्यानं हात चिरतात, पहाटेच्या दवानं कपडे ओले. दुपारपर्यंत तोड, मग बांधणी. ट्रक येईल तेव्हा भरायचा, मग रात्रीचे अकरा का वाजेनात. कोपीवर आल्यावर पुन्हा चूल. संडास नाही, न्हाणीघर नाही. पाळी आली तर जुन्या लुगड्याचं फडकं, आणि ते धुवायला आडोसा नाही, वाळवायला ऊन असलेली जागा नाही. ओलं फडकंच परत घ्यायचं. लघवीला जाणं पुढं ढकलायचं म्हणून पाणीही कमी प्यायचं. सुट्टी घ्यायची तर ‘खाडा’ पडतो. २०१९ च्या सुमारास एका खाड्याला ५०० रुपये कापत. म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर दंड.

पोटुशी बाईसुद्धा सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मोळी वाहते. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड गावच्या आशाताईकडं नोंदवलेलं, फड मात्र सांगली-कोल्हापूरला, नाहीतर पार बेळगाव-बागलकोटला. तिथल्या आशाच्या यादीत तिचं नाव नाही. बाळंतपणाची रजा मागायची कुणाकडं? मातृत्व लाभाचा कायदा १९६१ मध्येच आला. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी कारखान्याचा माणूस. विसाव्या वर्षापर्यंत दोन-तीन बाळंतपणं होतात आणि लगेच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. ती अर्थातच बायकोची. नवऱ्यानं करून घेतली तर त्याला वजन उचलायचं कसं, असं विचारतात. ती जी मोळी उचलते, तिचं वजन या प्रश्नात कुणी धरत नाही.

मग अंगावरून पांढरं जायला लागतं, कंबर धरते, ओटीपोट दुखतं, पाळी महिन्यातून दोनदा येते. हे दुखणं एकट्या ऊसतोडीचं नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला आणि जगभर वाचला गेला. यातले बरेच आजार गोळ्यांनी बरे होणारे असतात, पण त्यासाठी स्वच्छ पाणी, आठ-दहा दिवस अंगाला आराम आणि नवऱ्यावरही उपचार लागतात. फडावर यातलं काहीच मिळत नाही. गोळ्या अर्धवट राहतात, दुखणं परत येतं.

इथं खासगी दवाखाना येतो. सोनोग्राफी होते, ‘पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं जातं. सगळेच डॉक्टर असे नाहीत. पण कॅन्सर हा शब्द ऐकलेली बाई दुसरीकडं विचारायला जात नाही. शिवाय तिचा स्वतःचाही हिशेब असतो. लेकरं झाली, आता पिशवीचा उपयोग काय? काढली तर पाळीची कटकट गेली, दुखणं गेलं, खाडे वाचले. मुकादमांनी बायकांना बळजबरीनं शस्त्रक्रियेला नेलं, असं चित्र काही बातम्यांतून उभं राहिलं. मला ते फार सोपं वाटतं. उचलीची व्यवस्थाच अशी आहे की ढकलायला कुणी लागत नाही. शस्त्रक्रियेचा वीस-तीस हजारांचा खर्च पुष्कळदा मुकादमाकडूनच उचलून भागवतात, म्हणजे तो फेडायला बाई पुढच्या हंगामात पुन्हा फडात. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली असतील तर तिशीतच अंगातून वाफा येतात, झोप उडते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. पिशवी जाऊनही कंबर दुखायची थांबत नाही, कारण मोळी डोक्यावर आहेच.

२०१९ नंतर हालचाल झाली. बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यात गर्भाशय काढायचं नाही, असा नियम आला. हंगामाला जाताना आणि परतल्यावर आरोग्य तपासणी व्हावी, असं ठरलं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. त्या याचिकेतली प्रकरणं राजस्थान, बिहार, छत्तीसगडची होती. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं. ऊसतोडकऱ्यांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं निघाली. या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटतात ती वसतिगृहं. गावात राहायला सुरक्षित जागा असली तर बापाला पोरगी उजवण्याची घाई करावी लागत नाही, आणि दहावीपर्यंत टिकलेली मुलगी सहसा पंधराव्या वर्षी फडावर जात नाही.

बाकी, जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला. ही मजुरी अजूनही कोयत्यालाच मिळते आणि उचलीच्या कागदावर सही नवऱ्याची असते.