निगेटिव्ह एक, प्रिंट हजार

१९४१ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये, हर्नांडेझ नावाच्या खेड्याजवळ छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी घाईघाईनं गाडी थांबवली. वर नुकताच उगवलेला चंद्र, खाली मावळतीच्या उन्हात उजळलेले कब्रस्तानातले क्रूस. उजेड मोजण्याचा लाइट मीटर सापडेना. चंद्राची प्रखरता त्यांना पाठ होती, त्यावरून अंदाज बांधून त्यांनी एक फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं.

निगेटिव्ह एकच. तिच्यापासून पुढं हजाराहून जास्त प्रिंट निघाल्या, आणि त्या एकसारख्या नाहीत. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिकट ढग दिसतात, नंतरच्यांत आकाश जवळजवळ काळंभोर. कागदाच्या कुठल्या भागावर उजेड किती वेळ पडू द्यायचा, हे डार्करूममध्ये दर वेळी हातानं ठरायचं. निगेटिव्ह मात्र तशीच राहायची. पण खालचा भाग फारच फिकट आलाय म्हणून १९४८ साली अ‍ॅडम्स यांनी खुद्द निगेटिव्हचाच तेवढा भाग रसायनानं गडद केला. जमलं. बिघडलं असतं, तर तो चंद्र काही परत उगवणार नव्हता.

संगणकावर जेपेग फोटो उघडून, उजळून, कडा कापून त्याच नावानं ‘सेव्ह’ करणारे आपण हाच १९४८चा प्रयोग रोज करतो, तोही बेफिकिरीनं. जेपेगमध्ये चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात, प्रत्येक चौकोनातल्या छटांचं गणित मांडलं जातं आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे आकडे ढोबळ करून सोडून दिले जातात. फोटो कापला की चौकोनांची जाळी सरकते आणि ढोबळ केलेले आकडे पुन्हा ढोबळ होतात. लग्नाचा फोटो चार ग्रुपांवरून फिरून आला की शालूवरची जरीची नक्षी पुसट का दिसते, त्याचं एक कारण हेच.

रॉ फाइलची गोष्ट वेगळी. तिच्यात कॅमेऱ्याच्या सेन्सरनं, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपनं, मोजलेले कच्चे आकडे असतात; ती अजून चित्र झालेलीच नसते. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची जाळी असते. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची, १९७६च्या पेटंटातली. त्यामुळे प्रत्येक पिक्सेलला एकाच रंगाचा आकडा मिळतो, उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडं बघून सॉफ्टवेअर ठरवतं. शिवाय जेपेगला एका रंगाच्या २५६ पायऱ्या, तर १४ बिटच्या रॉ फाइलला १६,३८४. सावलीतला चेहरा उजळता येतो तो या जादा पायऱ्यांच्या जोरावर.

मग अ‍ॅडोबी कंपनीच्या लाइटरूमसारखी (आताचं लाइटरूम क्लासिक) फोटो-संपादनाची सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात न लावता काय जपून ठेवतात? नुसती पाककृती. उजेड इतका वाढव, निळा इतका उतरव, डावीकडून एवढं काप. फोटो उघडला की मूळ फाइलवर ही कृती नव्यानं चालवून तुम्हाला चित्र दाखवलं जातं. हिशेब बघा. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटच्या टिफ या तयार चित्राच्या फाइलमध्ये साठवला तर सुमारे १४४ एमबी होतो. रंगीत, कृष्णधवल, चौकोनी अशा पाच आवृत्त्या म्हणजे ७२० एमबीपर्यंत. पाककृती मात्र बहुधा काही किलोबाइटची. म्हणून ‘व्हर्च्युअल कॉपी’ करायला कंजुषी करू नये. ती म्हणजे वहीत लिहिलेलं आणखी एक पान.

पण वही आणि धान्य वेगवेगळ्या डब्यांत असतं, आणि घोटाळा तिथंच होतो. लाइटरूम ही वही कॅटलॉग नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतं आणि मूळ फोटो डिस्कवर कुठं आहे, एवढा पत्ता त्यात लिहून घेतं. एका रविवारी आवराआवरीचा उत्साह येऊन मी फोटोंचा अख्खा फोल्डर परस्पर दुसऱ्या डिस्कवर हलवला होता. सोमवारी निम्म्या फोटोंवर ‘फाइल सापडत नाही’च्या खुणा! पत्ते पुन्हा दाखवून निभावलं, पण संध्याकाळ गेली. फोल्डर हलवायचा तर सॉफ्टवेअरच्या आतूनच. आणि बॅकअप फोटोंइतकाच कॅटलॉगचाही. हा दुसरा बॅकअप लोक सर्रास विसरतात.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. पाककृती वाचणारा आचारीच गेला तर? अ‍ॅपलनं २००५ साली अ‍ॅपर्चर नावाचं असंच सॉफ्टवेअर आणलं, त्यात मूळ फाइलला ‘मास्टर’ आणि तिच्यावरच्या प्रत्येक संस्करणाला ‘व्हर्जन’ म्हणत. २०१४ मध्ये ते पुढं वाढवणार नसल्याचं कंपनीनं जाहीर केलं, आणि अ‍ॅपलच्या संगणकांसाठीच्या २०१९च्या मॅकओएस कॅटालिना या प्रणालीवर ते चालेनासंच झालं. लाइटरूमकडं गेलेल्यांच्या मास्टर फाइली सुखरूप आल्या, फोटोंना दिलेले तारे आले, शोधशब्द आले. रंगांवर घासलेल्या रात्री मात्र आल्या नाहीत, कारण एका सॉफ्टवेअरचं ‘सावली +२०’ दुसऱ्याला कळत नाही. खुद्द अ‍ॅडोबीनंही २०१२ साली आपली प्रक्रिया इतकी बदलली, की जुन्या फोटोंसाठी जुनी पद्धत वेगळी जपून ठेवावी लागली.

म्हणून मी वर्षाकाठी निवडक वीस-पंचवीस फोटो तयार रूपात टिफ करून ठेवतो. जागा खातात, खाऊ देत.