निबंधाचे पुनर्लेखन

निबंधाचा पहिला खर्डा झाल्यावर त्यातील विचार, मांडणी आणि भाषा तपासून तो नव्याने लिहिण्याची प्रक्रिया. शुद्धलेखन व विरामचिन्हांची दुरुस्ती हा तिचा अगदी शेवटचा टप्पा. बरेच विद्यार्थी मात्र तेवढ्यालाच पुनर्लेखन समजतात.

अमेरिकन संशोधक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० विद्यार्थी आणि २० अनुभवी लेखक यांच्या दुरुस्त्या ताडून पाहिल्या. विद्यार्थी मुख्यतः शब्द बदलत, पुनरुक्ती खोडत. अनुभवी लेखक आपल्या प्रतिपादनाचा घाट शोधत आणि वाचकाच्या नजरेने मजकूर वाचत.

पहिल्या खर्ड्यात लिहिणारा विषय स्वतःलाच समजावून घेत असतो. त्यामुळे खरा मुद्दा पुष्कळदा शेवटी हाती लागतो. समजा, ‘मोबाइलचे फायदे-तोटे’ या निबंधात दोन पाने नेहमीची यादी आहे आणि अखेरीस एक वाक्य येते : ‘आता कंटाळा यायलाही सवड उरलेली नाही.’ निबंध खरा इथे सुरू होतो. हे वाक्य वर नेले की अर्धी यादी आपोआप गळते आणि उरलेल्या मुद्द्यांना काम मिळते. लिहिलेले टाकून देणे जिवावर येते, पण ती पाने लिहिली नसती तर हे वाक्य सुचलेच नसते.

रचना तपासण्याचा एक भरवशाचा उपाय म्हणजे प्रत्येक परिच्छेद काय सांगतो हे समासात एका ओळीत लिहिणे. ओळ जमत नसेल तर तिथे दोन मुद्दे एकमेकांत अडकलेले असतात किंवा मुद्दाच नसतो. मग वाक्यांकडे वळावे. मोठ्याने वाचताना जीभ अडखळते ती जागा बहुधा दुरुस्तीचीच असते.

रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच दुरुस्तीची तीन कामे सांगितली : भर घालणे, वगळणे, बदलणे. लिहिलेले काही काळ बाजूला ठेवावे, म्हणजे ते परक्याचे असल्यासारखे वाचता येते, असेही तो सांगतो. एका रात्रीचे अंतरही उपयोगी पडते.

शिक्षकाच्या शेऱ्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. पहिल्याच खर्ड्यावर ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा केल्या, तर जो परिच्छेद वगळायला हवा होता तोच विद्यार्थी मन लावून शुद्ध करून आणतो.