डबल बेस की ब्लास्ट बीट? मेटल ड्रमरवर वाद घालण्याआधी

बेळगावात मेटल ऐकणारी मंडळी तशी थोडीच आहेत, पण ड्रमरचा विषय निघाला की चहा गार होतो. "लोम्बार्डोच्या पायांना तोड नाही बघ की," असं एक म्हणतो. "सँडोव्हालपुढं तो पाणी भरेल," असं दुसरा ठणकावतो. लोम्बार्डो म्हणजे स्लेअर बँडमधून, सँडोव्हाल म्हणजे मॉर्बिड एंजलमधून गाजलेला ड्रमर. मग मोबाइल निघतात, टेम्पोचे आकडे फेकले जातात आणि तासाभरानंही दोघं जिथल्या तिथं असतात. हा वाद मी टिळकवाडीत ऐकलाय, खानापूरच्या पोरांकडून ऐकलाय, निपाणीहून शिकायला आलेल्यांच्या खोलीवरही ऐकलाय. तो सुटत नाही, कारण एक डबल बेसबद्दल बोलत असतो आणि दुसरा ब्लास्ट बीटबद्दल. दोन्हींत खालून सलग धडधड ऐकू येते, म्हणून नव्या कानाला ते एकच वाटतं. पण गाण्यात या दोन गोष्टींचं काम जवळजवळ उलटं आहे.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला ढोल-ताशासारखी दुसरी सोय नाही. पथकात ढोल ठोका धरतो. टिपरू पडतं तिथं मिरवणुकीचं पाऊल पडतं. त्या ठोक्यावर ताशा तर्री काढतो, म्हणजे खाली थोडं आणि ठाम, वर पुष्कळ आणि बारीक. ड्रमसेटवर ढोलाची जागा पायानं वाजणाऱ्या बेस ड्रमची, ज्याला सगळे किक म्हणतात, आणि ताशाची जागा काठ्यांनी वाजणाऱ्या छोट्या ड्रमची, म्हणजे स्नेअरची. साध्या रॉक गाण्यात चार मात्रांपैकी एक आणि तीनला किक, दोन आणि चारला स्नेअर. मान हलते ती या दोन आणि चारवर.

डबल बेसमध्ये ही मांडणी उलटी होते. दोन बेस ड्रम किंवा एकाच ड्रमला जोडलेलं डबल पेडल घेऊन दोन्ही पाय आळीपाळीनं सलग वाजवतात. म्हणजे तर्री पायाकडं जाते आणि ठोका हाताकडं येतो. स्नेअर मात्र आपली दोन-चारची जागा सोडत नाही. खाली कितीही बारीक काम चालू असलं तरी वर टाळी कुठं द्यायची ते कळतं. म्हणूनच डबल बेस सुरू झाला की गाणं जड होतं आणि जमाव एकदम हलतो.

हे मेटलवाल्यांनी शोधलेलं नाही. जॅझमधला लुई बेलसन १९४० च्या दशकातच दोन बेस ड्रम मांडून बसायचा. साठच्या दशकात जिंजर बेकर आणि कीथ मून यांनी ते रॉकमध्ये आणलं. पण सलग, न थांबता, गाण्याचं इंजिन म्हणून डबल बेस वापरायचा तर १९७९ चं मोटरहेड बँडचं 'ओव्हरकिल' ऐकावं लागतं. ड्रमर फिल टेलरच्या पायांनीच ते गाणं सुरू होतं. पुढच्या थ्रॅशवाल्यांची, म्हणजे वेगवान मेटल वाजवणाऱ्यांची, पायवाट तिथून निघाली असं मला वाटतं.

आणि मग १९८६ चा स्लेअरचा 'रेन इन ब्लड'. अख्खा अल्बम २९ मिनिटांच्या आत संपतो. पहिल्याच गाण्यात, गिटारच्या सोलोंचा कल्लोळ संपल्यावर एक जागा येते. सगळे थांबतात आणि काही क्षण फक्त डेव्ह लोम्बार्डोचे दोन पाय ऐकू येतात. लगेच बँड परत अंगावर येतो. ही जागा चांगल्या हेडफोनवर चार-पाच वेळा ऐका. ठोके सगळे एका मापाचे, पण त्यांत जीव आहे. पुढं झुकून पळणाऱ्या माणसाचा तोल असतो ना, तसा तोल आहे. लोम्बार्डो संपूर्ण अल्बमभर डबल बेस वाजवत नाही, हेही तेव्हा लक्षात येतं. बहुतेक वेळ तो एका पायानं थ्रॅशची चाल चालवतो आणि दुसरा पाय राखून ठेवतो. म्हणून तो दुसरा पाय आला की अंगावर काटा येतो. डबल बेसचं खरं मोल या राखून ठेवण्यात आहे. सगळं गाणं त्यानंच भरणाऱ्या ड्रमरला पाय असतील, पण कान नसतो.

ब्लास्ट बीट निराळ्या घरातून आली. हिचं गोत्र हार्डकोर पंकचं, म्हणजे पंक रॉकच्या वेगवान, आक्रमक शाखेचं. थ्रॅशची जी चाल आहे, किक-स्नेअर-किक-स्नेअर, तिला वेग देत गेलं की एका टप्प्यावर ती चाल राहत नाही. किक आणि स्नेअर इतक्या भरभर आलटून-पालटून पडतात की त्यांची एकच भिंत होते. दुसरा हात राइड किंवा हाय-हॅट या झांजांवर किकसोबत पडत असतो. ही मूळची, साधी ब्लास्ट. १९८५ मध्ये एस.ओ.डी. या बँडच्या अल्बममध्ये चार्ली बेनांते ती वाजवताना ऐकू येतो. पण तिला नाव मिळवून दिल्याचं श्रेय बहुतेक जण नेपाम डेथ या बँडच्या मिक हॅरिसला देतात. १९८७ च्या 'स्कम' या अल्बमच्या दोन्ही बाजूंवर वाजवणारा तो एकटाच. बाकीचा बँड दोन बाजूंच्या दरम्यान बदलून गेला होता. नेपाम डेथ बर्मिंगहॅमचे आणि ब्लॅक सॅबथही त्याच शहरातले. मेटलचं सगळ्यांत संथ आणि सगळ्यांत वेगवान टोक एकाच गावानं दिलं, याचं मला फार अप्रूप आहे.

आता ढोल-ताशाकडं परत बघा. ब्लास्टमध्ये ढोल आणि ताशा एकेक ठोका वाटून घेतात आणि मिरवणुकीला पाऊल टाकायला जागाच उरत नाही. स्नेअर दोन-चारवरून उठून सगळीकडं पसरते. मग कान काय धरतो? ड्रम सोडून देतो आणि गिटारच्या सुरावर जातो. वाजणं प्रचंड वेगाचं, पण ऐकणं संथ, कारण सूर सावकाश बदलत असतात. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवाल्यांनी नेमकं हेच हेरलं. मेहेम बँडच्या १९९४ च्या अल्बममध्ये हेलहॅमर वाजवतो ते ऐकताना मला वेग जाणवतच नाही, धुक्यासारखं काहीतरी उतरत असतं. डबल बेस तालाला वजन देतो, ब्लास्ट ताल विरघळवून टाकते.

आकड्यांचं भांडण इथं मिटवून घेऊ. समजा टेम्पो २००, म्हणजे मिनिटाला २०० मात्रा, आणि प्रत्येक मात्रेत चार ठोके. मिनिटाला ८०० ठोके झाले, सेकंदाला तेराच्या वर. डबल बेसमध्ये हे ८०० च्या ८०० किकवर पडतात, प्रत्येक पायाच्या वाट्याला ४००. साध्या ब्लास्टमध्ये ४०० किकवर आणि ४०० स्नेअरवर. किक एकाच पायाची, म्हणजे त्या पायाच्या वाट्याला पुन्हा ४००. पायाचा वेग दोन्हीकडं सारखाच निघाला! फरक इतकाच की डबल बेसवाल्याचे हात तुलनेनं मोकळे असतात आणि ब्लास्टवाल्याचे दोन्ही हात त्याच वेगानं राबत असतात. तेव्हा "सँडोव्हाल लोम्बार्डोच्या दुप्पट वेगानं वाजवतो" या वाक्यात कुठला अवयव मोजला ते आधी विचारायचं.

शरीराचा त्रासही वेगवेगळा. दोन्ही पाय पेडलवर नाचत असले की जमिनीचा आधार सुटतो, सगळं वजन स्टुलावर येतं, आणि कंबर-मांड्या स्थिर नसतील तर वरचे हातही डगमगतात. नवीन पोरं म्हणतात पाय दुखतो. खरं तर आधी बैठक ढासळलेली असते. ब्लास्टमध्ये डावा पाय हाय-हॅटच्या पेडलवर निवांत असतो, पण कोपरापासून मनगटापर्यंतचा हात भरून येतो. तिथं दंडानं मारून चालत नाही, बोटांनी काठी उडवावी लागते. गणपतीत आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत वर्षानुवर्षं ताशा धरलेला पोरगा ड्रमसेटवर बसला तर त्याचा स्नेअरचा हात ब्लास्टला लवकर तयार होतो, असं मी खात्रीनं सांगतो. पायांचं मात्र त्याला पहिल्या इयत्तेपासून शिकावं लागतं.

सँडोव्हालचीच गोष्ट या दोन विद्या वेगळ्या असल्याचा सगळ्यांत चांगला पुरावा आहे. आधीच्या टेररायझर बँडमध्ये असताना पीट सँडोव्हाल एका पायाचा ब्लास्टवाला होता. डबल बेस त्याला मॉर्बिड एंजलमध्ये आल्यावर शिकावा लागला. आणि शिकला तो असा की १९८९ चा 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस' डेथ मेटलच्या ड्रमरांचं पाठ्यपुस्तक झाला. ब्लास्टमध्ये आधीच अव्वल असलेल्या माणसाला डबल बेस आपोआप आला नाही. यापुढं वाद कसला?

ओळखायची रीत सोपी आहे. गाणं लावा आणि स्नेअरवर टाळी द्यायचा प्रयत्न करा. खाली कितीही गडगडाट असला तरी टाळी जमली तर डबल बेस. टाळी देता देता हात थरथरायला लागले तर ब्लास्ट. मधली थ्रॅशची चाल असेल तर टाळी जमते, पण दमछाक होते. तिलाही आपल्याकडं सर्रास ब्लास्ट म्हणतात. ते बरोबर नाही.

एक जागा मात्र अशी आहे जिथं दोन्ही एकत्र येतात. तिला बॉम्ब ब्लास्ट म्हणतात. हातांनी ब्लास्ट आणि त्याखाली दोन्ही पायांचा डबल बेस, सगळं एकदम. नाइल बँडचा जॉर्ज कोलियास, क्रिप्टॉप्सी बँडचा फ्लो मुनिए ही मंडळी या प्रांतातली. मुनिएचं १९९६ चं काम ऐकताना एक गोष्ट मला दर वेळी थक्क करते: एवढ्या गर्दीतही तो मधेच झांजांचे छोटे तुकडे पेरतो आणि लगेच जागेवर परततो.

इथंच कुणीतरी ट्रिगरचा मुद्दा काढतो. "किकला सेन्सर लावलेला असतो, त्यात काय एवढं!" सेन्सर ठोका ओळखतो आणि आधीच साठवलेला आवाज सोडतो. म्हणजे हलका पडलेला ठोकाही दणदणीत ऐकू येतो. ताकदीची उणीव झाकली जाते, हे खरं. पण ठोका वेळेवर पडला नाही तर ट्रिगर तो वेळेवर आणत नाही, उलट चूक जास्त स्वच्छ ऐकवतो.

मग श्रेष्ठ कोण? डबल बेसचा प्रश्न असेल तर लोम्बार्डोच्या बाजूला मला मेशुगा बँडचा टॉमस हाके बसवायचा आहे. २००८ चं त्यांचं 'ब्लीड' घ्या. टेम्पो ११५ च्या आसपास, म्हणजे वेगवान म्हणावं असं काही नाही. पायात दोन झटपट ठोके आणि मग दोन त्यांच्या निम्म्या वेगाचे, अशी आकृती सतत फिरते. ती तीनाच्या मापाची, आणि वर झांज शांतपणे चार मोजते. तीन आणि चार एकमेकांवरून घसरत राहतात, आणि तरीही आपली मान त्या चारवर हलत असते. तबल्याच्या क्लासला गेलेल्या माणसाला इथं काय चाललंय ते समजावून सांगावं लागत नाही. टूल या बँडचा डॅनी केरी तर आलोक दत्त यांच्याकडं तबला शिकलेला आहे, आणि त्याच्या वाजवण्यातली मापांची समज ऐकली की ते पटतं.

दोन पायांच्या या सगळ्या चर्चेत आयर्न मेडनचा निको मॅकब्रेन मागं पडतो, याचं मला वाईट वाटतं. १९८३ च्या 'व्हेअर ईगल्स डेअर'मध्ये त्याचा एकच पाय जे करतो ते अनेकांना दोन पायांनी जमत नाही. मार्च २००७ मध्ये मेडन बेंगलोरला वाजवून गेले, ऑक्टोबर २०१२ मध्ये स्लेअर आले तेव्हा लोम्बार्डो त्यांच्यात होता. रात्रीच्या गाडीनं जाऊन हे दोघं याच राज्यात प्रत्यक्ष ऐकता आले, हे आपल्या पिढीचं भाग्य.

ब्लास्टमध्ये माझं मत अजून सँडोव्हाललाच. त्याच्यानंतर वेगवान पुष्कळ झाले, पण ब्लास्ट कधी सुरू करायची आणि कधी तोडायची याची त्याची जाण फार थोड्यांकडं आहे.

आणि दोन्ही विद्यांचा मिळून एकच माणूस निवडायचा म्हटलं तर मी जीन होगलनचं नाव घेईन. स्लेअरच्या सुरुवातीच्या दिवसांत हा त्यांच्याबरोबर रोडी, म्हणजे दौऱ्यावरचा मदतनीस म्हणून फिरला. १९८६ मध्येच, म्हणजे लोम्बार्डोच्या त्या अल्बमच्या वर्षी, डार्क एंजल बँडच्या अल्बमवर त्याचे पाय ऐकू येतात. १९९५ मध्ये डेथ या बँडच्या 'सिम्बॉलिक'वर तोच माणूस इतका नेमका आणि गाता वाजवतो की ड्रमची ओळ गुणगुणता येते. १९९७ मध्ये स्ट्रॅपिंग यंग लॅड बँडच्या 'सिटी' या अल्बमवर डबल बेस आणि ब्लास्ट एकाच गाण्यात शेजारी-शेजारी येतात, आणि एकीतून दुसरीत जाताना सांधा दिसत नाही. 'सिटी' लावा आणि मघाची टाळी देत बसा. टाळी जिथं सुटते आणि पुन्हा जिथं सापडते, त्या दोन्ही जागा त्यानं ठरवून ठेवल्यात.