इस्लामचा इतिहास: कुठली पुस्तकं वाचावीत आणि कुठल्या क्रमानं

इस्लामच्या इतिहासावर वाचायचं म्हटलं की समोर तीन वेगवेगळ्या जातीची पुस्तकं येतात, ती आधी वेगळी करून घेतलेली बरी. एक म्हणजे अरबी-फारसीतले मूळ ग्रंथ, चरित्रं, तवारिखा, प्रवासवर्णनं, जी आठव्या शतकापासून पुढे लिहिली गेली. दुसरी म्हणजे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अभ्यासकांनी हे मूळ ग्रंथ, नाणी, शिलालेख, हस्तलिखितं तपासून लिहिलेली. आणि तिसरी म्हणजे नुसत्या भक्तीनं किंवा नुसत्या रागानं लिहिलेली, आपल्याकडे सगळ्यात जास्त हीच फिरतात, पीडीएफ म्हणून मोबाईलवर येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की आपण इतिहास वाचला. या नोंदीत मुख्यतः पहिल्या दोन जातींचीच पुस्तकं आहेत.

वाचायला बसण्याआधी एक सवय लावून घ्यायची, बाकी सगळं त्यानंतर. घटना कोणत्या सालची आणि लिहिणारा कोणत्या सालचा, यातलं अंतर मोजायचं. मुहंमद पैगंबरांचं निधन ६३२ साली झालं. त्यांचं सविस्तर चरित्र, म्हणजे सीरा, लिहिणारा इब्न इस्हाक ७६७ च्या सुमारास वारला, म्हणजे मध्ये सव्वाशेच्या वर वर्षं गेली. बरं त्याचा मूळ ग्रंथही आज पूर्ण मिळत नाही, आपल्या हातात येतो तो नवव्या शतकाच्या सुरुवातीच्या इब्न हिशामनं संपादित केलेला, आणि तो स्वतःच प्रस्तावनेत सांगतो की मी काही मजकूर वगळलाय, काही गोष्टी लोकांना दुखावतील म्हणून, काही पटल्या नाहीत म्हणून. हे त्यानं लपवलं नाही हे मला फार मोलाचं वाटतं. या सीरेचं आल्फ्रेड गिओमनं केलेलं इंग्रजी भाषांतर १९५५ साली आलं, अजून तेच सगळीकडे वापरतात. वाचायला सोपं नाही, नावांची गर्दी आहे, पण कुणी 'पैगंबरांच्या चरित्रात असं लिहिलंय' म्हणालं की ते खरंच लिहिलंय का हे बघायला हेच उघडावं लागतं.

अगदी नव्या वाचकानं मात्र इथून सुरुवात करू नये. आधी एखादं एका बैठकीत आवाका देणारं पुस्तक घ्यावं. कॅरन आर्मस्ट्राँगचं 'इस्लाम: अ शॉर्ट हिस्टरी' (२०००) छोटं आहे, सहानुभूतीनं लिहिलंय, कधीकधी जास्तच सहानुभूतीनं, पण घटनाक्रम डोक्यात बसतो. तमीम अन्सारी या अफगाण-अमेरिकन लेखकाचं 'डेस्टिनी डिसरप्टेड' (२००९) गोष्ट सांगितल्यासारखं आहे, जगाचा इतिहास मुसलमान माणसाच्या अंगणातून कसा दिसतो ते त्यात कळतं. त्यानंतर अल्बर्ट हौरानींचं 'अ हिस्टरी ऑफ द अरब पीपल्स' (१९९१). ते अरबांपुरतंच आहे, इराण, तुर्कस्तान, हिंदुस्थान त्यात जवळजवळ नाही, पण शहरं कशी चालायची, बाजार, मशीद, काझी, उलेमा म्हणजे धर्मपंडित, यांचे एकमेकांशी संबंध कसे होते हे इतकं शांतपणे सांगितलंय की घाई करावीशी वाटत नाही.

आता मूळ ग्रंथांतला सगळ्यात मोठा डोंगर, तबरी. मुहंमद इब्न जरीर अल-तबरी, जन्म ८३९ साली कॅस्पियन समुद्राजवळच्या आमुल गावी, मृत्यू ९२३ साली बगदादला. त्याचा 'तारीख' म्हणजे प्रेषितांचा आणि राजांचा इतिहास, सृष्टीच्या निर्मितीपासून त्याच्या स्वतःच्या काळापर्यंत. एहसान यारशातर यांच्या देखरेखीखाली याचं इंग्रजी भाषांतर १९८५ पासून पुढे वीसेक वर्षं चाललं आणि सूची धरून चाळीस खंड झाले. चाळीस खंड घरी कुणी वाचत नाही, वाचायची गरजही नाही, पण एक खंड जरूर वाचावा, मी एकोणिसावा सुचवेन, त्यात उमय्यद खलिफा यझीदचा काळ आहे म्हणजे करबला आहे, जिथे पैगंबरांचे नातू हुसैन मारले गेले, इसवी सन ६८०. आपल्याकडे मोहरमचे ताबूत गावोगावी उठायचे, त्यात हिंदू घरंही असायची, त्यामागची घटना नेमकी कशी सांगितली गेली ते इथे दिसतं.

तबरी वाचताना पहिली अडचण येते ती इसनादची. इसनाद म्हणजे बातमी सांगणाऱ्यांची साखळी. प्रत्येक हकिकतीच्या आधी असं येतं की अमक्यानं मला सांगितलं, त्याला तमक्यानं, त्याला फलाण्यानं, आणि तो तिथे हजर होता. करबलाची बरीचशी हकिकत कूफा शहरातल्या अबू मिख्नफकडून येते, जो ७७४ च्या सुमारास वारला, आणि ती पुढच्या पिढीतल्या हिशाम इब्न अल-कल्बीकडून (वरचा इब्न हिशाम वेगळा) तबरीपर्यंत पोचते. नवखा माणूस ही नावं गाळून पुढे जातो आणि तिथेच चुकतो, कारण तबरी बऱ्याचदा एकाच घटनेच्या दोन-तीन हकिकती शेजारी शेजारी ठेवतो, त्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि तो निकाल देत नाही. प्रस्तावनेत त्यानं सांगूनच ठेवलंय की यातलं काही कानाला विचित्र वाटलं तर ते माझं नाही, ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडून जसं आलं तसं मी पुढे दिलंय. म्हणून 'तबरीत असं लिहिलंय' हे वाक्य अर्धवट असतं, तबरीत कुणाच्या तोंडून लिहिलंय ते विचारायला पाहिजे.

या शे-दीडशे वर्षांच्या अंतरावरूनच विसाव्या शतकात मोठा वाद झाला. माँटगमरी वॉटची 'मुहंमद ॲट मक्का' (१९५३) आणि 'मुहंमद ॲट मदीना' (१९५६) ही दोन पुस्तकं मुसलमानी साधनांवर बऱ्यापैकी विश्वास ठेवून लिहिलीयत. १९७७ साली पॅट्रिशिया क्रोन आणि मायकेल कुक यांनी 'हॅगरिझम' काढलं आणि म्हटलं की ही सगळी साधनं उशिराची, बाजूला ठेवा, त्या काळातले सीरियाक, आर्मेनियन, ग्रीक लोक काय लिहून गेले ते बघा. निष्कर्ष इतके टोकाचे होते की ते फारसे टिकले नाहीत, पण प्रश्न टिकला. रॉबर्ट हॉयलंडनं ती सगळी बिगरमुसलमान साधनं 'सीइंग इस्लाम ॲज अदर्स सॉ इट' (१९९७) मध्ये एकत्र करून दिली, आणि फ्रेड डॉनरचं 'मुहंमद अँड द बिलीव्हर्स' (२०१०) या वादातून तावून सुलाखून निघालेलं, सामान्य वाचकाला झेपेल असं पुस्तक आहे. डॉनरचं म्हणणं असं की सुरुवातीला ही एका देवाला मानणाऱ्या 'मोमिनांची' चळवळ होती, त्यात काही ज्यू-ख्रिस्तीही सामावलेले असावेत, आणि 'मुसलमान' ही वेगळी ओळख नंतर घट्ट झाली. सगळ्यांना ते पटत नाही. त्याच १९७७ साली जॉन वॉन्सब्रोनं कुराणाची संहिता फार उशिरा पक्की झाली असं मांडलं होतं, पण २०१५ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या कुराणाच्या पानांच्या कातड्याची कार्बन तारीख जाहीर झाली, ५६८ ते ६४५ च्या दरम्यानची, आणि त्या मताचं बळ बरंच कमी झालं.

एका पुस्तकाबद्दल मी जास्त लिहिणार, कारण त्यानं माझी बघायची पद्धत बदलली, ते म्हणजे मार्शल हॉजसनचं 'द व्हेंचर ऑफ इस्लाम'. तीन खंड, १९७४ साली प्रसिद्ध, पण हॉजसन १९६८ मध्येच अवघ्या ४६ व्या वर्षी गेला आणि त्याचं हस्तलिखित सहकाऱ्यांनी पूर्ण केलं. भाषा अवघड आहे, वाक्यं लांब, स्वतः तयार केलेले शब्द पानोपानी. त्यातला 'इस्लामिकेट' हा शब्द आता सगळे वापरतात, म्हणजे धर्म म्हणून इस्लाम वेगळा आणि त्या जगात वाढलेली संस्कृती वेगळी, जिच्यात मुसलमान नसलेलेही भागीदार असतात. आपल्याला हे समजवायला नको, शिवकालीन मराठी कागदात फारसी शब्द किती भरलेत ते ज्यानं एकदा पाहिलंय त्याला हॉजसन काय म्हणतोय ते लगेच कळतं. दुसरं म्हणजे १२५८ ला मंगोलांनी बगदाद बुडवलं आणि तिथून सगळी उतरणच, ही जी शाळकरी समजूत आहे ती तो मोडतो, फारसी काव्य, सूफी सिलसिले म्हणजे गुरुपरंपरा, उस्मानी-सफवी-मुघल ही राज्यं, यातला फार मोठा बहर त्यानंतरचा आहे हे तो दाखवतो.

लोक मुसलमान झाले कसे, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी तावातावानं विचारला जातो, त्यावर रिचर्ड बुलिएटचं 'कन्व्हर्जन टू इस्लाम इन द मिडीव्हल पीरियड' (१९७९) वाचावं. त्यानं केलेलं काम साधं आणि हुशारीचं आहे. जुन्या चरित्रकोशांत विद्वानांची नावं वंशावळीसकट असतात, मुहंमद बिन अहमद बिन अली बिन अमुक, आणि मागे मागे गेलं की एका ठिकाणी अचानक रुस्तमसारखं इराणी नाव लागतं. जिथे इराणी नावं संपून अरबी सुरू होतात तिथे त्या घरानं धर्म बदलला असं धरून त्यानं पिढ्या मोजल्या. निष्कर्ष असा निघाला की इराण जिंकल्यावर तिथली बहुसंख्य प्रजा मुसलमान व्हायला दोनेक शतकं गेली. या पद्धतीवर आक्षेप आहेत, कोशात शहरातली वजनदार घराणीच येतात, शेतकरी येत नाहीत, पण नुसत्या मतांपेक्षा हे कितीतरी ठोस.

इब्न खल्दूनचा 'मुकद्दिमा' (१३७७) हा इतिहास कसा लिहावा यावरचा ग्रंथ आहे, फ्रांझ रोझेंथालचं भाषांतर तीन खंडांत आहे, संक्षिप्त आवृत्ती पुरते. टोळीची एकजूट म्हणजे 'असबिया' राज्य उभं करते आणि तीन-चार पिढ्यांत ऐषारामात विरघळते, हा त्याचा गाभा. १४०१ साली दमास्कसला वेढा पडलेला असताना हा माणूस दोर लावून तटावरून खाली उतरला आणि तैमूरलंगाला जाऊन भेटला. राज्यं उठताना-पडताना त्यानं डोळ्यांनी पाहिलेली होती.

हिंदुस्थानात आल्यावर अंतराचा हिशोब आणखी महत्त्वाचा होतो. सिंधवर स्वारी ७१२ ची, आणि तिच्यासाठी सगळे ज्याचा आधार घेतात तो 'चचनामा' १२२६ च्या सुमाराचा, पाचशे वर्षांनंतरचा. तो जुन्या अरबी ग्रंथाचं भाषांतर आहे असं त्यातच म्हटलंय, पण मनन अहमद आसिफ यांनी 'अ बुक ऑफ कॉन्क्वेस्ट' (२०१६) मध्ये दाखवलं की तो तेराव्या शतकातल्या उच शहराच्या राजकारणातून लिहिलेला स्वतंत्र ग्रंथ आहे. तसंच आपल्या दख्खनचं. बहमनी राज्याचा संस्थापक हसन गंगू आणि त्याचा जुना मालक गंगू ब्राह्मण यांची गोष्ट, ज्यावरून बहमनी नाव पडलं म्हणतात, ती प्रसिद्ध झाली फिरिश्ता या फारसी इतिहासकारामुळे. फिरिश्ता आधी अहमदनगरच्या निजामशाहीत होता, मग विजापूरला गेला आणि तिथे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं ग्रंथ लिहिला. बहमनी राज्य १३४७ चं. अडीचशे वर्षांचं अंतर, आणि बहमनी सुलतान स्वतःला प्राचीन इराणी वीर बहमनचे वंशज म्हणवत होते, ब्राह्मणाचा काही संबंध लावत नव्हते. हारून खान शेरवानींचं 'द बहमनीज ऑफ द डेक्कन' (१९५३) यासाठी बघावं.

रिचर्ड ईटनचं 'सूफीज ऑफ बीजापूर' (१९७८) तर मराठी घरात असायलाच पाहिजे. त्यात चक्कीनाम्यांवर लिहिलंय. विजापूरच्या सूफींच्या परंपरेतली ही दखनी गाणी बायका जात्यावर दळताना म्हणायच्या. जात्याचा खुंटा उभा, अलिफ अक्षरासारखा, म्हणून तो अल्लाह, मधला आस म्हणजे मुहंमद, आणि दळता दळता नामस्मरण. हे वाचताना आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या कानात वाजल्याशिवाय राहत नाहीत, तेच दगड, तोच पहाटेचा अंधार, नाव फक्त विठ्ठलाऐवजी दुसरं. ईटनच्याच 'अ सोशल हिस्टरी ऑफ द डेक्कन' (२००५) मध्ये आठ माणसांची चरित्रं आहेत, त्यात महमूद गावान आणि मलिक अंबर आहेत आणि त्याच रांगेत तुकोबा आणि ताराबाईही आहेत.

मराठीत या विषयावर जेवढं हवं तेवढं नाही याचं वाईट वाटतं. साने गुरुजींचं 'इस्लामी संस्कृती' अतिशय प्रेमानं लिहिलेलं आहे, शाळकरी मुलालाही देता येतं. सेतुमाधवराव पगडींना फारसी उत्तम यायचं, त्यांचं सूफी संप्रदायावरचं पुस्तक आणि फारसी साधनांची मराठी भाषांतरं हा मोठा ठेवा आहे. रा. चिं. ढेरे यांचं 'मुसलमान मराठी संतकवी' श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपर्यंत घेऊन जातं. शेषराव मोरे यांचं 'मुस्लिम मनाचा शोध' जाडजूड आहे आणि संदर्भांनी भरलेलं आहे, पण त्याचा भर धर्मग्रंथांतून मन शोधण्यावर आहे, तेव्हा ते ईटन किंवा हॉजसनच्या जोडीनं वाचावं, एकटं नाही. उर्दू येत असेल तर शिबली नोमानींचं 'सीरतुन्नबी', जे त्यांच्या १९१४ मधल्या निधनानंतर शिष्य सुलेमान नदवींनी पुरं केलं.

आणि शेवटी मसूदी, कारण त्याच्या बाबतीत अंतर मोजावंच लागत नाही. बगदादचा हा प्रवासी ९१६ साली सैमूरला म्हणजे आपल्या चौलला, आजच्या रायगड जिल्ह्यात, स्वतः येऊन गेला. 'मुरूज अल-जहब' या ग्रंथात तो सांगतो की इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, कुणी सिराफचे, कुणी ओमानचे, कुणी बसऱ्याचे, आणि इथेच जन्मलेल्यांना बयासिरा म्हणतात. वरचा राजा बलहरा म्हणजे राष्ट्रकूट, जागेवरचा राजा झंझ म्हणजे शिलाहार. मुसलमानांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजानं नेमलेला असे. त्याच्यानंतर दहाच वर्षांचा, ९२६ चा ताम्रपट डहाणूजवळच्या चिंचणीला सापडला, संस्कृतमधला. त्यात राष्ट्रकूटांनी संजाण प्रांतावर नेमलेला अधिकारी ताजिक म्हणजे अरब आहे, त्याचं नाव मधुमती असं लिहिलंय, ते मुहंमदचंच संस्कृत रूप, आणि त्याच्या अमलात देवीच्या मठाला जमीन दिल्याची नोंद आहे.