सायनोटाइप चहात: सोड्यासकट आणि सोड्याशिवाय

सायनोटाइपचा, म्हणजे लोखंडाच्या क्षारांनी कागदावर उजेडात छापलेला निळा फोटो-प्रिंट चहात बुडवला की तपकिरी होतो, असं सर्रास सांगितलं जातं. नुसत्या चहात तो तपकिरी होत नाही, निळसर काळा होतो. तपकिरी हवा असेल तर आधी धुण्याच्या सोड्यात निळा रंग उतरवावा लागतो. दोन्हींना टोनिंगच (प्रिंटचा रंग बदलणं) म्हणतात, म्हणून घोळ होतो आणि खापर फुटतं चहावर.

प्रिंटमधला निळा म्हणजे प्रशियन ब्लू. लोखंड आणि फेरोसायनाइड यांचं संयुग. चहातलं टॅनिन (तुरट द्रव्य) त्यातल्या लोखंडाशी जुळून काळं आयर्न टॅनेट बनवतं. केळफूल चिरताना लोखंडी विळीचं पातं काळं पडतं, तोच हा प्रकार. पण प्रशियन ब्लू लोखंड सहजासहजी सोडत नाही. त्यामुळे थेट, म्हणजे सोड्याशिवायचं, टोनिंग संथ चालतं आणि निळ्याचा बराच भाग खाली तसाच राहतो.

थेट टोनिंगसाठी १ लिटर उकळत्या पाण्यात १५ ते २० ग्रॅम चहा पूड घालून १० मिनिटं झाकून ठेवा, गाळा, कोमट होऊ द्या. दूध-साखर नको, हे सांगायला नकोच! प्रिंट किमान एक दिवस वाळलेला असावा. तो आधी साध्या पाण्यात भिजवून मग चहात बुडवा, नाहीतर डाग पडतात. अर्ध्या तासात फरक दिसतो, गडद रंगाला दोन-तीन तास लागतात. तोवर पांढरा कागदही बदामी होतो. हे टोनिंग नव्हे, कागदाला लागलेला चहाचा रंग. तो कमी हवा असेल तर ग्रीन टी वापरा.

सोड्याच्या पद्धतीत रसायनच वेगळं. १ लिटर पाण्यात धुण्याचा सोडा ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चमचा. खायचा सोडा इथे फार सौम्य पडतो, आणि कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच कागदच खातं. सोड्यात प्रशियन ब्लू फुटतो: फेरोसायनाइड विरघळून निघून जातं आणि कागदाच्या धाग्यांत पिवळट आयर्न हायड्रॉक्साइड उरतं. प्रतिमा पिवळी, मरगळलेली दिसते. घाबरून फेकू नका. हे लोखंड आता मोकळं आहे, त्यामुळे चहात काही मिनिटांतच तपकिरी चढू लागतो. या पद्धतीत प्रिंटचा गडदपणा घटतो, म्हणून छापताना एक्सपोजर, म्हणजे उजेडात ठेवण्याचा वेळ, नेहमीच्या दीडपट ते दुप्पट द्या.

बहुतेक प्रिंट बिघडतात ते या दोन टप्प्यांच्या मधल्या धुण्यात. सोडा कागदात राहिला तर चहा गडद होतो आणि पांढरा भाग जास्तच रंगतो. फेरोसायनाइड राहिलं तर ते उरलेल्या लोखंडाशी पुन्हा जुळतं आणि मधेच निळे ढग उमटतात. पाणी बदलत १०-१५ मिनिटं धुवा. इथे घाई करून काही वाचत नाही.

आपल्याकडे चहाला उत्तम पर्याय म्हणजे हिरडा. १ लिटर पाण्यात १० ग्रॅम पूड १० मिनिटं उकळून फडक्यातून गाळा. सोड्यानंतर वापरला तर चहापेक्षा बराच काळपट रंग येतो. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत काढाच काळा होईल. बोअरच्या पाण्यात लोह असेल तरी तेच.

निळा आणि तपकिरी दोन्ही हवेत? मग सोडा अर्धवट चालवायचा. फिकट छटा आधी उतरतात, गडद भाग मागे राहतो. सावल्या निळ्या असतानाच प्रिंट काढून धुतला आणि चहात टाकला, तर फिकट भाग तपकिरी आणि गडद भाग निळसर काळा येतो. मात्र हवा तेवढा उतरल्यावर काढलात तर उशीर झाला समजा, कारण बाहेर काढल्यावरही कागदात मुरलेला सोडा काम करतच असतो. दहा-पंधरा सेकंद आधीच उचला आणि लगेच भरपूर पाण्यात बुडवा.