ब्रेक ऑइल जातं कुठे?

ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही आणि पेट्रोलसारखं संपत नाही. मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलने ढकलल्या जाणाऱ्या मुख्य पंपापासून, चाकांपर्यंत ते नळ्यांमध्ये कोंडलेलं असतं. पेडल दाबलं की पुढे सरकायचं, सोडलं की मागे यायचं, एवढाच त्याचा प्रवास. त्यामुळे दर काही आठवड्यांनी ब्रेक ऑइलच्या टाकीत ऑइल ओतावं लागत असेल, तर ते कुठूनतरी बाहेर जातंय, यात शंका नाही. पंचाईत अशी की, जुन्या गाडीखाली वाकून पाहिलं तर अनेकदा जमीन कोरडी ठणठणीत असते. मग मालक थोडं ऑइल ओततो आणि गाडी काढतो. ही सवय मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण टाकीतली पातळी हाच आपल्या हातातला एकमेव पुरावा असतो आणि आपणच तो पुसून टाकतो.

पातळी उतरली म्हणजे गळतीच, असंही नाही. डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात तसा ते पॅड डिस्कवर आवळणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो आणि त्यामागे झालेली जागा टाकीतलं ऑइल भरून काढतं. पिस्टनचा व्यास ५४ मिलीमीटर आहे आणि दोन्ही पॅड प्रत्येकी ८ मिलीमीटर झिजले, असं धरा. पिस्टन १६ मिलीमीटर पुढे येतो आणि त्या एका चाकात सुमारे ३७ मिलीलीटर ऑइल मुरतं. पुढच्या दोन्ही चाकांत मिळून ७३ मिलीलीटर. पण ही घट हजारो किलोमीटरमध्ये होते आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की पातळी पुन्हा वर येते. आता गळतीचा हिशेब पाहा. एक थेंब ०.०५ मिलीलीटरचा धरला आणि तासाला एकच थेंब गेला, तरी महिन्याला ३६ मिलीलीटर जातात. पॅडची जाडी तपासून हे दोन आकडे शेजारी ठेवले की गळती आहे की नाही, हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

गळती आहे असं ठरलं की पहिला मोह होतो तो पेडल जोरात दाबून कुठे ओल दिसते ते पाहण्याचा. ही पद्धत निम्मीच खरी आहे. पेडलवर ३०० न्यूटन जोर, म्हणजे साधारण ३० किलो वजनाइतका जोर लावला आणि पेडलच्या तरफेने तो चौपट केला, तर २० मिलीमीटर व्यासाच्या मास्टर सिलिंडरमध्ये सुमारे ३८ बार दाब तयार होतो. बूस्टरची, म्हणजे पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याची, मदत मिळाली की त्याहून बराच जास्त. टायरमधला दाब दोन-अडीच बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. पास्कलच्या नियमाप्रमाणे हा दाब नळीच्या प्रत्येक कोपऱ्यात सारखाच पोहोचतो. गंजून पातळ झालेला पाइप किंवा तडकलेला रबरी होज असेल, तर तो या दाबाखाली ओल दाखवतो.

ऑइल अडवणाऱ्या रबरी कपांचं मात्र उलट असतं. मास्टर सिलिंडर आणि चाकातल्या व्हील सिलिंडरमधल्या कपाची कड पातळ आणि बाहेर पसरलेली असते. ऑइलचा दाब वाढला की तोच दाब ही कड सिलिंडरच्या भिंतीवर घट्ट आवळतो. दाब नसताना ती केवळ स्वतःच्या लवचिकपणावर टेकून उभी असते. वर्षानुवर्षांनी रबर ताठर झालं की तो लवचिकपणा जातो. म्हणून पेडल कचकचून दाबल्यावर कोरडा दिसणारा सिलिंडर रात्रभर उभ्या गाडीत, टाकीच्या उंचीने पडणाऱ्या किरकोळ दाबावर पाझरू शकतो. कप हा या ब्रेकचा सुरुवातीपासूनचा नाजूक भाग आहे. माल्कम लॉकहीडच्या सुरुवातीच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये चामड्याचे कप होते आणि ते गळायचे. १९२४ सालच्या क्रायस्लर गाडीसाठी त्यांच्या जागी रबरी कप आले, तेव्हा ती पद्धत खऱ्या अर्थाने रुळली.

आता लपण्याच्या जागा. सर्वांत फसवी जागा म्हणजे बूस्टर. मास्टर सिलिंडर बूस्टरच्या गोल डब्यावर दोन नटांनी बसवलेला असतो. सिलिंडरच्या मागच्या टोकाच्या सीलची एक बाजू ऑइलकडे असते, तर दुसरी बूस्टरच्या पोटाकडे. पेट्रोल इंजिन चालू असताना त्या पोटातली हवा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारी नळी, सतत ओढून घेत असते. म्हणजे सील जरासं थकलं, तरी ऑइल नुसतं झिरपत नाही, ते आत खेचलं जातं. बूस्टरच्या तळाशी ते साचत राहतं, जास्त झालं तर व्हॅक्युमच्या नळीतून इंजिनात जाऊन जळतं आणि धुरांड्यातून पांढरा धूर येतो. गाडीखाली थेंबही पडत नाही. पांढरा धूर दिसला की लोक हेड गॅस्केटच्या मागे लागतात. अशा वेळी एक नजर ब्रेक ऑइलच्या टाकीवर टाकायलाच हवी.

ही जागा तपासणं अवघड नाही. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधली पोकळी (व्हॅक्युम) संपते. मग ते दोन नट काढून सिलिंडर सेंटीमीटरभर पुढे घ्या. पाइप वाकणार नाहीत एवढंच. सिलिंडरच्या मागच्या तोंडाखाली पांढरा टिश्यू फिरवा. तो निसरडा, पिवळसर ओला झाला तर चोर सापडला. बूस्टरमध्ये किती साचलंय ते पाहायचं असेल, तर व्हॅक्युमच्या नळीचा जोड काढून त्या भोकातून बारीक नळी तळापर्यंत सोडा आणि सिरिंजने ओढा. ओघळ बाहेरच्या बाजूने येत असेल तर सिलिंडरखालचा बूस्टरचा रंग फुगून पापुद्रे निघालेले दिसतात, कारण ब्रेक ऑइल रंग मऊ करून सोडवतं.

दुसरी जागा मागच्या चाकांचा ड्रम. व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांना धुळीपासून बचावाची रबरी टोपी असते. कपाला चुकवून आलेलं ऑइल आधी या टोपीत साठतं, मग ड्रममधल्या धुळीत कालवून काळा चिखल होतो आणि बराच काळ आतच राहतो. ड्रम काढून बोथट पेचकसाने टोपीची कड उचला. आत किंचित दमटपणा चालतो, ओघळ चालत नाही. ऑइल प्यायलेले लायनर, म्हणजे ड्रमला घासणारं अस्तर, पुसून किंवा भाजून वापरू नयेत. ते बदलायचे, आणि त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा.

ड्रममधला ओलेपणा ॲक्सलच्या गिअर ऑइलचाही असू शकतो. फरक ओळखायला पेलाभर पाणी पुरतं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही द्रवं ग्लायकॉल ईथरवर आधारलेली असतात आणि पाण्यात मिसळून जातात. गिअर ऑइल वर तरंगतं, तवंग दिसतो. सिलिकॉनचं डॉट ५ भरलेलं असेल तर मात्र ही परीक्षा चालत नाही, कारण तेही पाण्यात मिसळत नाही.

पाइपांचं काम चिकाटीचं आहे, बुद्धीचं कमी. पोलादी पाइप उघड्यावर क्वचित सडतो. तो सडतो क्लिपांखाली, पेट्रोलच्या टाकीच्या वर आणि मागच्या ॲक्सलजवळ, जिथे चिखल ओला राहतो. क्लिपा सोडल्याशिवाय तपासणी झाली असं म्हणू नये. सडलेल्या पाइपाला जोड देत बसू नका, तो पूर्ण बदला.

क्लच हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, असेल तर आणखी एक वाट उघडते. बऱ्याच गाड्यांत क्लचही ब्रेकच्याच टाकीतून ऑइल घेतो आणि त्याची नळी टाकीच्या मध्यावर बसवलेली असते. म्हणून गळती क्लचची असेल तर पातळी त्या नळीच्या उंचीपर्यंत उतरते आणि तिथेच थांबते. क्लच बसतो, ब्रेक शाबूत राहतो. मला ही खूण फार आवडते, कारण एकही बोल्ट न सोडता उत्तर मिळतं. मग ओल शोधायला क्लच पेडलजवळचा गालिचा उचला आणि गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगचा, म्हणजे क्लचवरच्या कवचाचा, खालचा काठ हाताने चाचपा.

टाकी आणखीही सांगते. दुहेरी मास्टर सिलिंडरच्या टाकीत तळाजवळ एक आडभिंत असते आणि दोन सर्किटांना, म्हणजे ब्रेकच्या दोन स्वतंत्र नळीमार्गांना, दोन कप्पे मिळतात. पातळी भिंतीखाली गेल्यावर एकच कप्पा रिकामा होत असेल, तर निम्मी गाडी तपासातून वगळता येते. फक्त तुमच्या गाडीत सर्किट पुढे-मागे विभागलंय की तिरकं, हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

एवढं करूनही जागा सापडली नाही, तर सगळे जोड पाण्याने धुवा, कोरडे करा आणि त्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा. पातळीवर चिकटपट्टीने खूण करा. एकदा रात्रभर पेडलला हात न लावता गाडी उभी ठेवा, एकदा कोणाला तरी पेडल हलकं दाबून धरायला सांगा आणि एकदा जोरात. पावडर कोणत्या प्रसंगी ओली झाली, त्यावरून दोष कपाचा की पाइपाचा हे कळतं. हलक्या दाबाला पेडल सावकाश खाली बसतं पण पातळी हलत नाही, असं असेल तर ऑइल बाहेर जात नाही. ते मास्टर सिलिंडरच्या आतच कपाला वळसा घालून मागे येतंय. औषध म्हणजे सिलिंडर बदलणं किंवा नवं रबर किट.

दुरुस्तीनंतर नळ्यांतली हवा काढताना जुन्या गाडीचं पेडल तळापर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात कप सिलिंडरच्या ज्या भागात कधी जात नाहीत, तिथे ओलाव्याने गंजाचे खड्डे पडलेले असतात आणि ते कपाची कड फाडतात. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला की पिस्टन तिथवर पोहोचतच नाही. आणि गळती सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही.