ओट्सच्या वडीचा भुगा का होतो?

'साखर नाही, फक्त गूळ' असं छापलेली ओट्स बारची पाकिटं आता तालुक्याच्या गावातल्या किराणा दुकानातही लटकलेली दिसतात. ते वाक्यच फसवं आहे. गुळात बहुतांश साखरच असते. 100 ग्रॅममागे सुमारे 380 किलोकॅलरी, म्हणजे साखरेपेक्षा नावालाच कमी. तरी ही वडी घरी करण्यासारखी आहे, कारण गूळ-तूप किती घालायचं हे आपल्या हातात राहतं. अडचण एवढीच की घरची वडी कापताना भुगा होते, नाहीतर दाढ हलवते. बोल ओव्हनला लागतो, पण चूक पाकाची असते.

20 सेंटीमीटरच्या चौकोनी ट्रेसाठी जाड ओट्स 200 ग्रॅम, शेंगदाण्याचा भरड कूट 60, तीळ 20, मनुके 60, चिरलेला खजूर 60, गूळ 100, तूप 40, पाणी दोन चमचे आणि चिमूटभर मीठ. झटपट शिजणारे बारीक ओट्स नकोत, ते पाक पिऊन गोळा होतात. ओट्स मंद आचेवर आठ-दहा मिनिटं कोरडे भाजून घ्या, कूट आणि तीळ त्यातच मिसळा.

आता पाक. ओट्सना स्वतःचा चिकटपणा जवळजवळ नसतो, त्यांना धरून ठेवतो तो पाकच. संक्रांतीच्या वड्या करणाऱ्या हाताला हे माहीत असतं: वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला की बोटांत मऊ गोळी जमते, तो गोळीबंद पाक. थेंब कट्कन तुटला तर चिक्कीचा. फरक फक्त उरलेल्या पाण्याचा. उकळताना पाणी उडतं, साखर दाट होते आणि उकळबिंदू चढत जातो, म्हणून तापमान पाहून पाण्याचा अंदाज येतो. 115 अंशांच्या आसपास पाकात शंभरात तेरा-पंधरा भाग पाणी असतं. 150 ला एक-दोन भाग. मात्र हे आकडे समुद्रसपाटीचे. छत्रपती संभाजीनगर सुमारे 570 मीटरवर आहे, तिथे पाणी 98 अंशांनाच उकळतं. तेव्हा तिथे 113 ला गॅस बंद करायचा.

पाण्याने एवढा फरक का पडतो? कोरडी साखर थंड झाल्यावर स्फटिक न बनता गोठली, तर तिची काच होते: रेणू अस्ताव्यस्त, पण जागच्या जागी अडकलेले. साठेक अंशांना ते सुटतात आणि काच रबरासारखी लवचीक होते. त्यात शंभराला पाच भाग पाणी शिरलं की ही सीमा पंचवीस अंशांच्या आसपास घसरते, कारण पाण्याचे छोटे रेणू साखरेच्या रेणूंमध्ये घुसून वंगणाचं काम करतात. आणखी पाणी असेल तर ती शून्याखाली जाते. वडी चावताना मऊ लागते ती याच रबरी अवस्थेमुळे. पाक पुढे गेला तर काच, म्हणजे दगड. कच्चा राहिला तर धरतच नाही, म्हणजे भुगा. गुळातला ग्लुकोज-फ्रुक्टोज स्फटिक होऊ देत नाही. ओलसर, काळपट गुळात तो जास्त, म्हणून अशी वडी पावसाळ्यात लवकर पाझरते.

गूळ, तूप, पाणी आणि मीठ एकत्र उकळून गोळीबंद झालं की त्यात ओट्स, मग मनुके-खजूर घाला. बटर पेपर लावलेल्या ट्रेमध्ये वाटीच्या बुडाने जोर लावून दाबा. इथे हात हलका पडला की हवेच्या पोकळ्या राहतात आणि वडी तिथेच फुटते. 160 अंशांवर वीस मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत. कोमट असताना सुरीने खुणा पाडा आणि पूर्ण गार झाल्यावर 16 वड्या कापा.

काही जण गुळाऐवजी मध घालतात, आणि मग 'गरम मध विष होतो' अशी भीती. तापवलेल्या मधाचा स्वाद बदलतो, विष होत नाही. मात्र वडी चिकट राहते, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याही रूपात देऊ नये.

ओट्समधला बीटा-ग्लुकान हा विद्राव्य तंतू कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो हे खरं, पण त्यासाठी रोज 3 ग्रॅम लागतो. 200 ग्रॅम ओट्समध्ये तो साधारण 8 ग्रॅम, म्हणजे वडीमागे अर्धा. एका वडीत सुमारे 145 किलोकॅलरी. औषध म्हणून खायची तर दिवसाला सहा वड्या, 870 किलोकॅलरी! त्यापेक्षा सकाळी वाटीभर साधे ओट्स शिजवलेले बरे.

मनुके भिजवून घालू नका. कोरड्या मनुक्यातही पंधराएक टक्के पाणी असतं आणि भाजलेल्या ओट्समध्ये जेमतेम तीन-चार. डब्यात पाणी मनुक्याकडून ओट्सकडे सरकतं. दोन दिवसांत मनुका घट्ट होतो, वडी मऊ पडते. भिजवलेल्या मनुक्यात पाणी इतकं मोकळं असतं की बुरशीलाही पुरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात वड्या मे महिन्यात दोन आठवडे टिकतात. ऑगस्टच्या दमट हवेत आठवड्यात संपवा, आणि डबा सारखा उघडू नका.